हिंगाच्या डबीतल्या टोप्या

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा राग यायचा तेवढा लवकर येऊन जाईल. मासे घेताना मी कल्ले उघडून बघते, मग बोट दाबून बघते, मग नुस्तेकान्नीच्या, म्हणजे मासेवालीच्या, तोंडाकडे बघते. ती माझ्या तोंडाकडे बघून पाटी झाकते. घरी नवऱ्याच्या प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी दर रविवारी तपासते. तो म्हणतो, "तुज्यासारको पोलीस सगळ्या पेडण्यात नाय." मी म्हणते, नसू दे, एक आहे तेवढा पुरे.

हा स्वभाव मी आईकडून घेतला असेल, पण त्याला धार आली ती नोकरीत. मी कोरगावची. नर्सिंग केलं आणि पुढे बरीच वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये काढली. कॅथलॅब म्हणजे जिथे छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बारीक नळ्या वर हृदयापर्यंत नेऊन काम करतात ती खोली. आता निवृत्त होऊन काजूच्या बागेत माकडांवर संशय घेत बसलेली असते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, नोकरीतल्या आठवणी लिहा. मी विचारलं, चांगल्या की खऱ्या? ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काही माणसांचं हृदय ताल सोडून धडधडतं. वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त रेंगाळतं, आणि रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की माणूस अर्ध्या अंगाने पडतो. म्हणून अशा माणसांना रक्त पातळ ठेवायचं औषध देतात. आणि ज्यांना त्याने भागत नाही, त्यांच्या हृदयात तारा नेऊन, जिथून ती उलटसुलट वीज उठते ती जागा डागतात. डागतात म्हणजे भाजतात. डॉक्टरांच्या तोंडी शब्द मोठा असतो, काम हेच.

आता यातली गोम अशी, की रक्ताला परकं काही खपत नाही. प्लॅस्टिक लागलं, तार लागली, भाजलेली कातडी लागली, की ते लगेच गोठायच्या तयारीला लागतं. दुधात आमसूल पडावं तसं. ज्या गुठळीच्या भीतीने आपण आत गेलो, तीच गुठळी आपल्याच तारेच्या टोकावर धरायची. म्हणून काम चालू असेपर्यंत शिरेतून हेपॅरिन देतात, म्हणजे रक्त गोठत नाही. पण ते कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद. ती वाट राखायचं काम माझं.

एक छोटं यंत्र असतं. नळीतून दोन थेंब रक्त काढायचं, यंत्राच्या कुपीत घालायचं, बटण दाबायचं. रक्त गोठायला किती सेकंद लागले तो आकडा येतो. साध्या माणसाचा शंभर-सव्वाशे. पातळ करायचं औषध चालू असलेल्याचा दीडशेच्या आसपास. आणि तारा हृदयाच्या डाव्या बाजूला असताना तो तीनशेच्या वर पाहिजे. दर वीस मिनिटांनी मी रक्त काढायची, आकडा मोठ्याने सांगायची, डॉक्टर मान हलवायचे. तो आकडा माझ्या तोंडातून बाहेर पडला की खोलीत खरा होत असे. म्हणून तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी मी त्याची उलटतपासणी घ्यायची.

ही उलटतपासणी मी फुकट शिकले नाही. नवी असताना मी एकदा मोठी चूक केली होती. रक्त ज्या नळीतून काढायचं, ती नळी तुंबू नये म्हणून तिच्यात हेपॅरिनचं पाणी सोडलेलं असतं. त्यामुळे पहिलं थोडं रक्त टाकून द्यायचं आणि मग नमुना घ्यायचा. मी घाईत ते टाकलं नाही. आकडा आला चारशेच्या वर. माझी छाती फुगली. डॉक्टर म्हणाले, "छान. हेपॅरिन राहू दे आता." तासाभराने तार बाहेर काढली तर तिच्या टोकाला शेवईएवढी गुठळी लोंबत होती. ती डॉक्टरांनी गॉजवर पुसून माझ्यासमोर धरली. पेशंटला काही झालं नाही, तो बिचारा दुसऱ्या दिवशी चालत घरी गेला. पण तो गॉजचा तुकडा माझ्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही.

तेव्हापासून चांगला आकडा दिसला की मला संशय येऊ लागला. कमी आकड्यावर मी विश्वास ठेवायची, कारण कमी आकडा कुणी फसवायला देत नाही. जास्त आकडा आला की मी पुन्हा काढायची. नळी बदल, कुपी बदल, यंत्र बदल. आमचे डॉक्टर बेळगावकडचे, शांत माणूस. ते म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही यंत्राचा जबाब घेताय की रक्ताचा?" मी म्हणायची, दोघांचा. आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा माझा संशय खरा ठरायचा. दहाव्यांदाचं आता सांगते.

पुंडलिक गावस हा सुर्ल्याचा माणूस. साठीला टेकलेला, काळा, लाकडासारखा. जन्मभर खाणीवर मातीचे टिप्पर चालवलेले, त्यामुळे नखांच्या कडा लाल त्या लालच. गेली काही वर्षं त्याचं हृदय ताल सोडत होतं. चढ चढला की डोळ्यांपुढे अंधारी. रक्त पातळ ठेवायच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ चालू होत्या. आता तारा घालून ती जागा भाजायचं ठरलं होतं.

सोबत बायको, शेवंती. बारीक चणीची, कपाळावर मोठं कुंकू, कापडी पिशवी पोटाशी धरून बसलेली. कामाच्या आदल्या दिवशी तो भरती झाला तेव्हा कागद भरायला मी गेले.

"भिवचें ना मूं, पुंडलिकबाब?" मी विचारलं.

"तीस वर्सां टिप्पर चलयलो, बाय," तो म्हणाला. "धुल्ल खाल्ली, खड्डे खाल्ले. एका सुयेन कितें जाता?"

असं बोलणारी माणसं टेबलावर सगळ्यात आधी घामाघूम होतात, हे मला माहीत. मी कागदावरचे प्रश्न सुरू केले. त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हा: औषध चुकवलं का? हा प्रश्न मी आयुष्यात हजारदा विचारला असेल, आणि त्याचं उत्तर कायम एकच. नाही. लग्नाला गेलेला, गाव फिरून आलेला, गोळी संपून आठ दिवस दुकानात न गेलेला, सगळे म्हणतात नाही. औषध चुकलेलं असेल तर आत आधीच गुठळी असू शकते, आणि तार लागून ती सुटू शकते. म्हणून ह्या 'नाही'वर मी कधीच विसंबले नाही.

"एक दीस चुकोवंक ना, बाय," शेवंती म्हणाली. "सकाळ-सांज, म्हज्या हातांनी."

"पट्ट्या दाखव."

तिने पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढल्या. रबरबँड लावून नीट ठेवलेल्या. एकूण एक रिकामी. आता दुसरी कुणी नर्स असती तर खूश झाली असती. मला वाटलं, ही फार नीट आहे. इतक्या नीट पट्ट्या कोण जपून ठेवतं? ज्याला दाखवायच्या असतात तो. माझ्या मनात आलं, बाईने गोळ्या काढून टाकल्या असतील आणि पट्ट्या पुराव्याला ठेवल्या असतील. असे मी पाहिले होते.

पुंडलिक देवीचा धोंड होता. आमच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, डिचोलीकडे देवीच्या जत्रेला व्रत घेऊन होमाच्या निखाऱ्यांवरून चालणारे जे भक्त, त्यांना धोंड म्हणतात. जत्रेआधी काही दिवस ते वेगळे राहतात, सोवळ्याने शिजवलेलं खातात, मासळी-मटणाला शिवत नाहीत. पुंडलिक ऐन तरुणपणापासून दर वर्षी चालत असे. जत्रा होऊन आठ-दहा दिवस झाले होते, पण त्याने ह्या वेळी देवीपुढे बोलून ठेवलं होतं, की उपचार पार पडेपर्यंत सोवळं सोडणार नाही. म्हणून हॉस्पिटलचा पेजेचा वाडगासुद्धा त्याने बाजूला सारला. दिवसाला एकदा फळं आणि शहाळ्याचं पाणी. माणूस सुकलेला दिसत होता.

सगळं लिहून झालं, मी सहीसाठी कागद पुढे केला. तेव्हा शेवंतीने पिशवीत परत हात घातला.

"बाय, आनी एक विचारपाचें आशिल्लें," ती म्हणाली. "त्या औशदाचें..."

"उपरांत विचार," मी म्हटलं. "पयली सही कर. आजून चार पेशंट आसत माका."

मला खात्री होती, की ती आता काहीतरी सारवासारव करणार. जास्त बोलणारे नातेवाईक नेहमी सारवासारव करतात, हा माझा अनुभव. तिने हात पिशवीतून रिकामा बाहेर काढला, अंगठ्याची शाई पुसायचं फडकं मागितलं नाही, कारण तिला सही येत होती, आणि हळूहळू अक्षर लावत नाव लिहिलं. मी पुढच्या खाटेकडे गेले. तो एक क्षण मला परत मिळाला तर मी त्याच्यासाठी काय वाटेल ते देईन.

माझ्या संशयामुळे डॉक्टरांनी सकाळी अन्ननलिकेतून कॅमेरा घालून हृदय तपासलं. आत गुठळी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बघा सिस्टर, माणूस खरं बोलतोय." मी म्हटलं, बरं. मनात थोडी खट्टू झाले, हे कबूल करते. चोर पकडायला जावं आणि घरात चोरच नसावा तसं.

मग टेबलावर घेतलं. मांडीत नळी गेली. औषध सुरू करण्याआधी पहिला आकडा घ्यायचा असतो, तो मी घेतला. पहिलं रक्त टाकलं, मग नमुना. यंत्राने सांगितलं, दोनशे बासष्ट.

आता विचार करा. हेपॅरिनचा थेंब दिलेला नाही. पातळ औषधावरच्या माणसाचा दीडशेच्या आसपास यायला हवा. आणि इथे दोनशे बासष्ट. माझ्या डोळ्यांपुढे ताबडतोब तो जुना गॉजचा तुकडा आला. म्हटलं, नळीत हेपॅरिनचं पाणी राहिलं. पुन्हा काढलं. ह्या वेळी दुप्पट रक्त टाकून दिलं. दुसरं यंत्र लावलं. दोनशे पंचावन्न.

"सिस्टर, हा आकडा बघा," डॉक्टर म्हणाले. "खरा आहे की खोटा?"

"खोटा," मी म्हटलं. "नळी धुताना जास्त गेलंय. ह्या नळीतून आज काय खरं येणार नाय."

"नक्की?"

"नक्की."

इथे मी काय करायला हवं होतं ते नवी पोरगीसुद्धा सांगेल. हातात नवी सुई घालून तिथून रक्त काढायचं. पण हात हिरव्या कापडाखाली बांधलेला, सगळं निर्जंतुक मांडलेलं, ते उकलायचं म्हणजे दहा मिनिटं. आणि मला गरजच वाटली नाही. मी दोनदा तपासलं होतं ना. दोन यंत्रं लावली, पण रक्त दोन्ही वेळा त्याच नळीतून काढलं. एकाच घरातले दोन साक्षीदार बोलावले आणि खटला निकालात काढला.

डॉक्टरांनी माझ्या शब्दावर हेपॅरिनची पूर्ण मात्रा द्यायला सांगितली. मी दिली. हृदयाच्या मधल्या पडद्याला सुईने बारीक भोक पाडून तार डावीकडे नेली. पुढचा आकडा काढला तर यंत्राची मर्यादाच ओलांडलेली, आकड्याच्या जागी नुसती खूण. मला तेव्हाही वाटलं, ही नळीच खराब. मी ते सांगितलं तेसुद्धा नाक मुरडून.

मग प्रेशर उतरायला लागलं. एकशे दहा, पंच्याण्णव, ऐंशी. पुंडलिक अर्धवट गुंगीत होता. तो म्हणाला, "बाय, काळोख कित्याक केलो?" दिवे सगळे लख्ख चालू होते. प्रेशर साठावर आलं. डॉक्टरांनी छातीवर सोनोग्राफी धरली, आणि हृदयाभोवती काळी कड दिसली. हृदयावर एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. त्यात रक्त भरत होतं, आणि त्या रक्ताच्या दाबाने हृदयाला फुगायला जागाच उरली नव्हती.

असं होऊ शकतं, ते धोक्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. एखाद्या बारीक छिद्रातून रक्त झिरपतं. साध्या वेळी थोडं झिरपून ते आपोआप थांबतं, कारण रक्ताला गोठायची अक्कल असते. इथे ती अक्कल आम्ही काढून घेतलेली. डॉक्टरांनी छातीच्या हाडाखालून सुई घालून रक्त ओढायला सुरुवात केली. मी हेपॅरिन उतरवायचं औषध, प्रोटामिन, दिलं. ओढलेलं रक्त स्टीलच्या बशीत जमत होतं. मी त्या बशीकडे बघत होते. प्रोटामिननंतर ते धरायला पाहिजे होतं. धरत नव्हतं. कोकमाच्या सारासारखं पातळच्या पातळ.

आकडा काढला. दोनशे अठ्ठेचाळीस. अजून थोडं प्रोटामिन. दोनशे पन्नास.

हेपॅरिन उतरलं होतं, आणि तरी आकडा जिथे सुरुवातीला होता तिथेच परत येऊन बसला होता. मी हिरवं कापड फाडून त्याचा हात बाहेर काढला, कोपरात नवी सुई घातली, तिथलं रक्त घेतलं. दोनशे एक्कावन्न. नळी पहिल्यापासून खरं बोलत होती. यंत्रं दोन्ही खरं बोलत होती. त्या खोलीत खोटं एकच होतं, माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं.

"डॉक्टर, पहिला आकडा खरा होता," मी म्हटलं. "औषध याच्या अंगात आहे. खूप आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "चुकून डबल घेतलंय का ते विचारा. पळा."

मी बाहेर पळाले. शेवंती बाकावर तशीच बसलेली, पिशवी पोटाशी. मी तिच्यासमोर खाली बसले. त्या वेळी मी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो आदल्या दिवशी विचारायला हवा होता.

"गुळी कशी घेता तो? माका करून दाखय."

तिने पिशवीत हात घातला आणि एक हिंगाची रिकामी डबी काढली. झाकण उघडून माझ्यासमोर धरली. आत कॅप्सूलच्या टोप्या. अर्ध्या निळ्या, अर्ध्या मळकट पांढऱ्या. सगळ्या रिकाम्या, ओंजळभर.

"व्रतांत एकल्यान सांगलें, ही टोपी हाडां उकडून करतात म्हण," ती म्हणाली. "तो तोंडांत घेना जालो. औशद चुकोवंक जायना न्हय? म्हण हांव टोपी सोडयतां, भितरली पूड शाळ्याच्या उदकांत घालून दितां. टोप्यो उडोवंक ना, बाय. काल तुका तेंच विचारपाचें आशिल्लें. टोपी बगर औशद उणें पडटा काय?"

तिला भीती होती औषध कमी पडेल याची. आणि ते झालं होतं नेमकं उलट. त्या औषधाची टोपी फोडली, की आतलं औषध जेवढं हळू आणि जेवढं थोडं उतरायला हवं त्याच्या कितीतरी जास्त अंगात उतरतं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कॅप्सूल फोडू नये. त्यात माणूस उपाशी, सुकलेला, त्यामुळे मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला सुस्त. आणि सगळ्यावर कळस म्हणजे, ही गोष्ट डॉक्टरांनी मला मागाहून सांगितली, की ह्या औषधाची टोपी बहुतेक वेळा हाडांची नसतेच, झाडपाल्यापासून केलेली असते. कुणी विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं.

मी आत जाऊन सांगितलं. त्या औषधावरचा नेमका उतारा आमच्याकडे नव्हता, तो दुसऱ्या हॉस्पिटलातून आणवला. तो येईपर्यंत डॉक्टर सुईने रक्त ओढत राहिले आणि आम्ही तेच रक्त परत शिरेतून चढवत राहिलो. उतारा दिला. थोड्या वेळाने बशीच्या कडेला रक्त धरायला लागलं. मी बशी तिरकी करून पाहिली, मग पुन्हा तिरकी करून पाहिली, कारण माझा विश्वास बसेना. आकडा एकशे अठरा. पुंडलिक वाचला. हृदय भाजायचं काम त्या दिवशी राहून गेलं आणि पुढे त्याने कधी करून घेतलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी शेवंतीला समजावलं, की कॅप्सूल फोडल्यामुळे रक्त फार पातळ झालं होतं. रागावले नाहीत. ते सांगत होते ते खरंच होतं. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ होतं. मी सलाइनची बाटली बदलत तिथेच उभी होते, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

मला वाटलं, मला विचारतील. चौकशी होईल. कागदावर मी लिहिलं होतं, पहिला नमुना संशयास्पद. माझ्याच अक्षरात. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "सिस्टर, मीही मानलं ना. पुढच्या वेळी हातातून काढू." झालं. एवढ्यावर सुटले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर तीन वर्षं, दर वैशाखात, सुर्ल्याहून माझ्यासाठी फणसाची साठां येऊ लागली. वाळवलेल्या फणसाच्या त्या वड्या, केळीच्या पानात गुंडाळून, वर सुतळी. बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवायची. सोबत निरोप, बायेन म्हज्या घोवाक वाटायलो. म्हणजे माझ्या नवऱ्याला वाचवलं. नवऱ्याने पहिल्या वर्षी एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाला, "बरी आसत. तू कित्याक खायनस?" मी म्हटलं, दातात अडकतात. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून थोडा संशय त्यालाही जमू लागला होता.

मी निवृत्त झाले. आणि गेल्या हिवाळ्यात हा लेख लिहायला बसले, तेव्हा तुम्ही वर वाचलं ते सगळं दोन दिवसांत उतरलं. लिहून झाल्यावर कळलं, की हे छापून आलं आणि सुर्ल्यात कुणी वाचून तिला दाखवलं, तर ते मी सांगितल्यासारखं होणार नाही, पकडल्यासारखं होईल. म्हणून अंकाला देण्याआधी मी बस धरली.

पुंडलिक सोप्यावर बसला होता. आणखी वाळलेला, पण डोळे तसेच. आता त्याची गोळी बदललेली, साधी, बिनटोपीची. मी बघितलं, गोळ्यांचा डबा त्याच्या शेजारी होता. शेवंती डब्यापासून लांब, दारात उभी.

"ती हात लायना ताका," पुंडलिक म्हणाला. "तीन वर्सां जालीं. गुळी म्हजी हांव घेतां. ती म्हणटा, म्हज्या हाताक विख आसा."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं साठां करणारी बाई सुखात आहे. मी शेवंतीला समोर बसवलं आणि सांगितलं. पहिल्यापासून. दोनशे बासष्ट, दोनशे पंचावन्न, मी खोटा म्हटलं ते, हातातून रक्त काढलं नाही ते, आणि आदल्या दिवशी तिला बोलू दिलं नाही ते सुद्धा. ती डोळे न हलवता ऐकत होती.

"म्हणजे यंत्रान सांगिल्लें?" तिने विचारलं.

"सांगिल्लें."

"आनी तुवें मानूंक ना."

"नाय मानलंय."

"तुवें मानिल्लें जाल्यार?"

"तर हेपॅरिन कमी दिलं असतं. नाहीतर त्या दिवशी कामच केलं नसतं. घरी पाठवलं असतं." मला एकदम हॉस्पिटलातली भाषा फुटली. "तुझी चूक होती, शेवंती. पण ती पकडायला मला ठेवलं होतं."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची मी तयारी करून गेले होते. बाहेर रस्त्यावरून एक टिप्पर गेला आणि पुंडलिकने सवयीने मान वळवून त्याचा नंबर वाचला.

"शेवंते, बायेक च्या दी," तो म्हणाला.

ती उठली, पण चुलीकडे गेली नाही. नवऱ्याच्या शेजारचा डबा उघडला, संध्याकाळची गोळी काढली, उजेडाकडे धरून पाहिली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तळव्यावर ठेवली. तांब्या दिला. त्याचा गळा वर-खाली होईपर्यंत समोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तूं आतां वच, बाय," ती म्हणाली. "बस चुकतली."

चहा मिळाला नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. यंदाच्या वैशाखात साठां आली नाहीत, आणि मी कंडक्टरला विचारलंही नाही.